छायाचित्र कोणाचे, जोखीम कोणाची?

साहसी सहलीला निघालेल्या माणसाकडून हल्ली एका कागदावर सही घेतात. मजकूर थोडाफार बदलतो, पण मतलब एकच : मी स्वतःच्या जबाबदारीवर जात आहे, काही बरेवाईट झाले तर त्याचा दोष इतर कोणाकडे नाही. सही करणाऱ्यालाही हे मनापासून पटलेले असते. जीव माझा, पैसा माझा, कॅमेरा माझा. मग मी धगधगत्या ज्वालामुखीच्या तोंडाशी जाऊन चार छायाचित्रे काढली तर इतरांच्या पोटात का दुखावे? युक्तिवाद वरवर बिनतोड आहे. व्यक्तिस्वातंत्र्याचा आपण एवढा उद्घोष करतो की, त्याला उत्तर देतानाही संकोच वाटतो. प्रस्तुत लेखात मला एवढेच म्हणायचे आहे की, निदान ज्वालामुखीच्या बाबतीत तरी ते वाक्य खोटे आहे. तिथे केवळ स्वतःच्या जबाबदारीवर कोणीही जात नसतो.

विषय आपल्याला दूरचा वाटेल. वास्तविक आपण ज्या भूमीवर उभे आहोत ती बहुतेक सगळी लाव्ह्याचीच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून वाहिलेला लाव्हा थरावर थर साचला आणि थंड झाला. त्याच काळ्या दगडात आपल्या पूर्वजांनी अजिंठा-वेरूळची लेणी कोरली, शिवरायांनी गड बांधले. पण तो विस्तव विझून युगे लोटली. आज देशातला एकुलता एक जागृत ज्वालामुखी अंदमानच्या समुद्रात, बॅरन बेटावर आहे आणि सर्वसामान्य प्रवाशाने तो बोटीतूनच पाहायचा असतो. तथापि मराठी प्रवासी आता बालीला जातो, हवाईला जातो, आइसलंडला जातो. तिथून तो जी छायाचित्रे धाडतो त्यांत पाठीमागे लालभडक कारंजे असते आणि पुढे हसरा चेहरा असतो. ती पाहून आपल्यापैकी कितीजणांना तिथे जावेसे वाटते हे मी सांगायला नको.

कॅमेरा आणि ज्वालामुखी यांची मैत्री जुनी आहे. १८७२ च्या एप्रिलमध्ये इटलीतील व्हिसुव्हियस भडकला, तेव्हा जॉर्जो सोमर नावाच्या छायाचित्रकाराने नेपल्सहून दर अर्ध्या तासाला एक याप्रमाणे त्याची चित्रे घेतली. त्या काळी काचेच्या ओल्या पट्टीवर चित्र घ्यावे लागे आणि ती वाळायच्या आत धुवावी लागे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या माणसाच्या चिकाटीचे कौतुक वाटते. डोंगरावरच्या धुराच्या स्तंभाचा आकार कसा बदलत गेला हे ती चित्रे आजही सांगतात. त्याच उद्रेकात लाव्हा जवळून पाहावा म्हणून रात्री डोंगरावर गेलेल्या हौशी मंडळींपैकी काहीजण मात्र परतले नाहीत. पुढे आठच वर्षांनी त्याच डोंगरावर दोराने ओढली जाणारी गाडी सुरू झाली आणि तिच्या जाहिरातीखातर रचलेले 'फुनिकुली फुनिकुला' हे गाणे जगभर गाजले. मृत्यू विसरायला माणसाला किती थोडा काळ लागतो! पण तो वेगळा विषय झाला.

छायाचित्राने आपल्या मनात ज्वालामुखीची जी प्रतिमा उभी केली आहे तीच मुळात फसवी आहे. मॉरिस आणि कात्या क्राफ्ट हे फ्रेंच दांपत्य आयुष्यभर ज्वालामुखींच्या मागे हिंडले. त्यांनी ज्वालामुखींचे दोन सोपे वर्ग केले होते : तांबडे आणि करडे. तांबड्यांचा लाव्हा पातळ. तो कारंज्यासारखा उडतो, ओढ्यासारखा वाहतो आणि पुष्कळदा माणसाला चालत बाजूला होता येईल इतक्या संथपणे पसरतो. हवाई आणि आइसलंड येथील प्रसिद्ध चित्रे बहुतेक या जातीची. करड्यांचा लाव्हा घट्ट. आतला वायू कोंडतो आणि मग डोंगर फुटतो. किंवा वर साचलेला लाव्ह्याचा घुमट ढासळतो आणि तप्त राख, वायू व दगड यांचा लोट उतारावरून सुटतो. त्याचे तापमान शेकडो अंश असते आणि मोटारीलाही मागे टाकील असा त्याचा वेग असतो. दुरून मात्र तो कापसाच्या ढिगासारखा मऊ, संथ दिसतो. टेलिफोटो भिंगातून पाहिले तर आणखीच संथ, कारण ते भिंग अंतर चपटे करून टाकते. माणसे मरतात ती बहुतेक करड्यामुळे, आणि विकली जातात ती बहुतेक तांबड्याची चित्रे. त्यामुळे होते काय की, जिथे काही लाल दिसत नाही तिथे भय नाही, असा एक खुळा समज छायाचित्रे पाहून पाहून आपल्या अंगवळणी पडतो.

या समजाची किंमत कोलंबिया देशातील अर्मेरो या गावाने मोजली. १३ नोव्हेंबर १९८५ च्या रात्री नेव्हादो देल रुईझ या बर्फाच्छादित ज्वालामुखीचा उद्रेक झाला. उद्रेक तसा मोठा नव्हता. पण त्याने शिखरावरचे बर्फ वितळवले आणि चिखलाचा लोंढा नदीच्या पात्रातून येऊन गावावर पसरला. त्या रात्री २३,००० च्या आसपास माणसे मेली. धोक्याचा नकाशा महिनाभर आधीच तयार झाला होता आणि त्यात अर्मेरो दाखवलेलेही होते! नकाशावरचा रंग पाहून लोकांच्या डोळ्यांपुढे चिखल उभा राहिला नाही, एवढेच. क्राफ्ट दांपत्याच्या मनाला ही गोष्ट फार लागली. सामान्य माणसाला, मामलेदाराला, मंत्र्याला पाच-दहा मिनिटांत कळेल असा बोलपट करायचा, त्यात राखेचा लोट आणि चिखलाचा लोंढा प्रत्यक्ष दाखवायचा, असे त्यांनी ठरवले. ज्वालामुखीच्या जवळ जाऊन चित्र घेण्याला याहून चांगले कारण मला तरी सुचत नाही.

आता १९९१ साल. जपानमधील उन्झेन हा ज्वालामुखी १९८ वर्षे निद्रिस्त राहून आदल्या नोव्हेंबरात जागा झाला होता. मे महिन्यात त्याच्या माथ्यावर लाव्ह्याचा घुमट वर आला, तो ढासळू लागला आणि राखेचे लोट खाली येऊ लागले. शिमाबारा शहराच्या प्रशासनाने डोंगराखालच्या वस्तीला घरे सोडून जाण्याची सूचना दिली. गावकरी निघून गेले आणि वर्तमानपत्रांचे व दूरचित्रवाणीचे छायाचित्रकार आले. डोंगराचे माथे समोरासमोर दिसेल अशी रस्त्यावरची एक मोक्याची जागा त्यांनी हेरली आणि तिथे तिपायांची रांगच लागली. दररोज कालच्यापेक्षा मोठ्या लोटाचे चित्र हवे. प्रतिस्पर्ध्याचा माणूस तिथे असताना आपला माणूस मागे कसा घ्यायचा? निघून जाण्याच्या विनंत्या झाल्या. पण सूचना ही सूचनाच होती. तिला कायद्याची सक्ती नव्हती.

यापुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गावकरी सोडून गेलेल्या घरांत वार्ताहर मंडळींपैकी काहीजण शिरतात, तिथली वीज वापरतात, असे उघडकीला आले. बिचारे गावकरी धास्तावले. सरकारच्या सांगण्यावरून घर उघडे टाकून गेलो आणि आता त्याची राखण कोण करणार? तेव्हा स्थानिक अग्निशमन दलाची माणसे, जी धोका ओळखून मागे हटली होती, ती पुन्हा वर गेली. हे पगारी सैनिक नव्हेत. त्याच परिसरातले, आपापला उद्योग सांभाळून गावासाठी राबणारे स्वयंसेवक. ३ जून रोजी दुपारी डोंगर अधिकच खवळला. निघा, निघा असे सांगायला दोन पोलीस वर गेले. चार वाजून आठ मिनिटांच्या सुमारास एक मोठा लोट त्या जागेवरून गेला.

४३ जण गेले. वृत्तपत्रे व दूरचित्रवाणी यांचे १६. अग्निशमन दलाचे १२. पोलीस २. वस्तीतले व इतर मिळून ६. ज्वालामुखीचे अभ्यासक ३ : त्यांत मॉरिस आणि कात्या क्राफ्ट, आणि हॅरी ग्लिकन हा अमेरिकन शास्त्रज्ञ. आणि ४ टॅक्सीचालक. वार्ताहरांनी भाड्याने घेतलेल्या गाड्या घेऊन ते थांबले होते. गिऱ्हाईक डोंगराकडे भिंग लावून उभे आहे आणि चालक गाडीपाशी ते परत येण्याची वाट पाहतो आहे, हे दृश्य आपल्यापैकी प्रत्येकाने कुठल्या ना कुठल्या सहलीत पाहिलेले आहे. त्या चौघांनी कुठल्या कागदावर सही केली होती?

ही यादी मी मुद्दाम आकड्यांनिशी दिली, कारण 'जीव माझा, जोखीम माझी' या वाक्याचा निकाल तीच लावते. १६ जणांना चित्र हवे होते. त्यांच्यापायी तिथे थांबलेले, राखण करायला आलेले आणि त्यांना परत न्यायला गेलेले असे किती, ते वाचकांनीच मोजावे. छायाचित्रकारांच्या माघारी त्यांचीही बायकामुले रडली, याचा मला विसर पडलेला नाही. त्यांना तिथे उभे करणारे संपादक आणि रोज सकाळी ती चित्रे चवीने पाहणारे वाचक हेही या हिशेबातून सुटत नाहीत. २००५ साली राखेत गाडलेला एक व्हिडिओ कॅमेरा सापडला आणि चौदा वर्षांपूर्वीची फीत तज्ज्ञांनी महत्प्रयासाने पुन्हा पाहता येईल अशी केली. २०२१ मध्ये, घटनेला तीस वर्षे झाली तेव्हा, गाडल्या गेलेल्या मोटारी उकरून त्याच जागी जतन करून ठेवण्यात आल्या. त्यांत दोन टॅक्सी आहेत.

आता कोणी म्हणेल, क्राफ्ट दांपत्यही तिथे चित्रणासाठीच गेले होते. मग त्यांना एक न्याय आणि वार्ताहरांना दुसरा का? प्रश्न रास्त आहे. त्यांचा तो बोलपट, अजून शेवटचा हात फिरायचा राहिलेला असतानाच, फिलिपाइन्समध्ये पिनाटुबो पर्वताच्या परिसरातील अधिकाऱ्यांना आणि रहिवाशांना दाखवला गेला होता. शास्त्रज्ञ घसा कोरडा करून जे सांगत होते ते लोकांना पडद्यावर दिसले. १५ जून १९९१ रोजी, म्हणजे क्राफ्ट गेल्यावर अवघ्या बारा दिवसांनी, पिनाटुबोचा प्रचंड उद्रेक झाला. तो विसाव्या शतकातील सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी एक. त्याआधी हजारो लोक हलवले गेले होते आणि त्यामुळे किमान पाच हजार प्राण वाचले, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. ज्या चित्रांनी हे साधले ती काढायला कोणीतरी जवळ जाणे भागच होते. म्हणून मी त्यांना घरफोड्यांच्या रांगेत बसवणार नाही. परंतु त्या दिवशी त्या जागी त्यांच्यामुळेही धोका 'सुसह्य' भासला नसेल का? एवढे मोठे तज्ज्ञ जिथे उभे आहेत तिथे आपण उभे राहायला काय हरकत, असे कोणाच्या मनात आले नसेल असे छातीठोकपणे सांगता येत नाही. या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही.

जवळ गेल्यावाचून चांगले चित्र मिळत नाही, हे गृहीतकही एकदा तपासून पाहावे. अमेरिकेतील सेंट हेलेन्स पर्वत १८ मे १९८० रोजी फुटला आणि ५७ जण मेले. त्यांत रॉबर्ट लँड्सबर्ग हा छायाचित्रकार होता. आपण सुटत नाही हे कळल्यावर त्याने शेवटपर्यंत चित्रे घेतली, फिल्म गुंडाळून डबीत परतवली, कॅमेरा पिशवीत घातला आणि त्या पिशवीवर स्वतः पालथा पडला. सतरा दिवसांनी प्रेत सापडले तेव्हा फिल्म शाबूत होती. हे वाचून कोणाचाही कंठ दाटून येईल. पण त्याच सकाळी दहा-अकरा मैल दूर गॅरी रोझेनक्विस्ट नावाचा एक हौशी माणूस मित्रांबरोबर तंबू ठोकून राहिला होता. तिपाईवर साधा कॅमेरा लावलेला. डोंगराची उत्तर बाजू हलताना दिसताच त्याने भराभर एकामागून एक चित्रे घेतली आणि मग सगळे जीव घेऊन पळाले. डोंगराचा एक अख्खा भाग कसा घसरला, त्याच्या पोटातून स्फोट कसा बाहेर पडला, याचा क्षणाक्षणाचा क्रम शास्त्रज्ञांनी मांडला तो मुख्यतः या चित्रमालिकेच्या आधारे. लँड्सबर्गच्या मरणाला मी नमस्कार करतो. पण दिग्दर्शक म्हणून आपल्याला कोण हवा असे विचाराल तर मी त्या पळून गेलेल्या माणसाचे नाव घेईन.

हे सगळे जुने झाले, आता लोक शहाणे झाले, असे समजण्याचे कारण नाही. २०२१ साली आइसलंडमध्ये फाग्रादाल्सफ्यालचा उद्रेक पाहायला लक्षावधी माणसे लोटली. लाव्ह्यावर सॉसेज भाजून खाण्यापर्यंत मजल गेली. तांबड्या जातीचा सौम्य उद्रेक, म्हणून निभावले. ५ एप्रिलला मात्र पहिल्या मुखापासून काही शे मीटरवर जमीन नव्याने फाटली आणि जमलेल्या शेकडो प्रवाशांना घाईघाईने माघारी आणावे लागले. आणणारे कोण, तर कामधंदा सोडून पाळीपाळीने पहारा देणारे स्वयंसेवक! त्याच देशात २०२३ च्या नोव्हेंबरात ग्रिंदाविक हे गाव रिकामे केले गेले, तेव्हा एका वृत्तछायाचित्रकाराने तिथल्या एका बंद घरात शिरण्याचा प्रयत्न केला. उन्झेनची आठवण व्हावी अशीच ही गोष्ट.

न्यूझीलंडच्या फाकारी बेटावर ९ डिसेंबर २०१९ रोजी उद्रेक झाला तेव्हा ४७ माणसे बेटावर होती. त्यांतील २२ मरण पावली. तिथे पर्यटकांच्या सहली राजरोस जात होत्या. ज्वालामुखीची अस्वस्थता तीन आठवडे आधीच एका पायरीने वाढवून जाहीर झालेली होती, तरीही. पुन्हा उद्रेक होईल या भयाने सरकारी पथके थांबली असता खाजगी हेलिकॉप्टरांचे वैमानिक आपण होऊन राखेत उतरले आणि भाजलेल्या माणसांना घेऊन आले. आणि ३ डिसेंबर २०२३ रोजी सुमात्रातील मारापी पर्वतावर ७५ गिर्यारोहक असताना स्फोट झाला. २४ जण गेले. त्यांत महाविद्यालयीन विद्यार्थी होते. अंधारात, पावसात, डोंगर अजून धुमसत असताना मदतनीस प्रेते खांद्यावरून खाली आणत होते.

आपल्याकडे ज्वालामुखी नाही, पण पावसाळी धबधबे आणि सुटलेले कडे आहेत. दरीत पडलेल्याला काढायला दोर लावून जी मुले उतरतात ती आपल्याच वयाची असतात, आणि त्यांना त्याचा छदामही मिळत नाही. या बाबतीत आपण जपान्यांना नावे ठेवण्याच्या योग्यतेचे नाही.

मग काय, कोणी जाऊच नये की काय? असे मी म्हणत नाही. पृथ्वीच्या पोटातला विस्तव डोळ्यांनी पाहण्याची इच्छा ही माणसाच्या चांगल्या इच्छांपैकी एक आहे, आणि ती मलाही आहे. भूगोलाच्या पुस्तकातला ज्वालामुखीचा उभा छेद घोकून जे कळत नाही ते एका चांगल्या छायाचित्राने कळते. माझे म्हणणे चित्र घेण्याविरुद्ध नसून ते मिरवण्याच्या रीतीविरुद्ध आहे. छायाचित्रांच्या प्रदर्शनांत चित्राखाली कॅमेऱ्याचे नाव, भिंगाची लांबी, छिद्राचे माप वगैरे तपशील मोठ्या हौसेने लिहिलेले असतात. त्याजागी दोन गोष्टी लिहायला काय हरकत आहे? चित्र किती अंतरावरून घेतले, आणि घेणाऱ्याला तिथवर कोणी नेले. मनाई असलेल्या जागेत शिरून काढलेले चित्र कितीही देखणे असले तरी त्याला बक्षीस देऊ नये. वर्तमानपत्रांनी आणि मासिकांनी ते छापू नये. आणि आपण विद्यार्थ्यांनी तसले चित्र दूरध्वनीवर आल्याबरोबर वाहवा करून पुढे धाडू नये. यातल्या शेवटच्या गोष्टीला तर कोणाच्या परवानगीचीही गरज नाही.

परीक्षकांना अंतर कसे तपासता येईल, मनाईची जागा कोण ठरवणार, शास्त्रज्ञ आणि वार्ताहर यांना सवलत द्यावी काय, अशा पुष्कळ अडचणी निघतील, याची मला कल्पना आहे. विशेषतः वार्ताहरांना सवलत असावी, असे आमच्याच वर्गातील काही मित्रांचे आग्रहाचे मत आहे. सरकार जे लपवते ते दाखवायला कोणीतरी आत गेलेच पाहिजे, असे ते म्हणतात. त्यांनी आपली बाजू पुढील वर्षीच्या अंकात सविस्तर मांडावी. लिहिताना त्या चार टॅक्सीचालकांचे काय करायचे तेवढे मात्र त्यांनी सांगावे.